ऐकलेले पेन्सिलीने, पाहिलेले शाईने

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

घराण्याचा इतिहास शोधण्यासाठी आठवड्यातले किती तास काढावेत, असे तू विचारले आहेस. तासांचा हिशेब मला सांगता येणार नाही; माझा आठवडा कसा जातो तेवढे लिहिते.

सोमवार आणि मंगळवार कचेऱ्यांचे. तहसिलीच्या रेकॉर्ड रूममध्ये जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, म्हणजे ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात ते, पाहायला मागावे. नकलेसाठी अर्ज द्यावा आणि वाट पाहण्याची तयारी ठेवून घरूनच डबा न्यावा. गावातल्या जुन्या शाळेचे जनरल रजिस्टरही पाहावे, कारण मुलाचे नाव घालताना जन्मतारीख अंदाजाने सांगितलेली असली, तरी वडिलांचे नाव आणि राहण्याचे गाव सहसा खरे असते. त्र्यंबकेश्वरी गेलीस तर आपल्या घराण्याच्या तीर्थोपाध्यायांची, म्हणजे तीर्थावरच्या पुरोहितांची, नामावळी आवर्जून पाहा. यात्रेला आलेल्या माणसाने मुलांची, भावांची नावे त्यात सांगून ठेवलेली असतात आणि कधी कधी खाली त्याची स्वतःची सही सापडते. पणजोबांची सही पहिल्यांदा दिसली, तेव्हा मी बराच वेळ पुढचे पान उलटलेच नव्हते.

बुधवार वडीलधाऱ्यांचा. त्यांना ‘तुमच्या आजोबांचा जन्म कधीचा?’ असे विचारू नये. साल कोणालाच आठवत नाही. श्राद्ध कोणत्या तिथीला होत असे, हे मात्र चटकन सांगतात. तिथीवरून साल कळत नाही, पण एकाच नावाची दोन माणसे वेगळी करायला ती फार उपयोगी पडते, आणि नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत असल्यामुळे एकाच नावाची माणसे तुला पावलोपावली भेटतील. बायकांसाठी वेगळे प्रश्न लागतात. लग्नात नाव बदलल्यामुळे सासरच्या कागदांत त्या एका नावाने असतात आणि माहेरच्या आठवणींत दुसऱ्या. म्हणून प्रत्येकीचे माहेरचे नाव, माहेरचे आडनाव आणि गाव ही तिन्ही विचारून घे. बहुतेक छापील वंशावळींत मुलींची जागा मोकळी दिसते. ती तू तरी मोकळी ठेवू नयेस.

या दिवशी लिहिलेले सारे पेन्सिलीने लिहायचे. कागद डोळ्यांनी पाहिला, तो कुठे आहे, कोणत्या वहीच्या कोणत्या पानावर आहे हे टिपले, की मगच शाई. हा नियम मी चुकीतून शिकले. एका गृहस्थांची सही असलेल्या कागदावर नुसते ‘सन 1264’ होते. मी ते शुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांतली एक कालगणना, समजून त्यात 599 मिळवले आणि इसवी 1863 हे साल शाईने लिहून टाकले. पण त्या गृहस्थांच्या मुलाच्या 1858 च्या अर्जात वडील मयत असल्याचे म्हटले होते. मेलेला माणूस सही कशी करील? मग त्याच नावाचा आणखी एक पुरुष असणार, असे ठरवून मी वंशावळीत एक अख्खी पिढी जास्त घातली. प्रत्यक्षात तो फसली, म्हणजे महसुलाच्या हिशेबाचा, सन होता. त्यात 590 मिळवले की 1854 येते आणि सगळे जागच्या जागी बसते. दोन्ही सन मृग नक्षत्राला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, सुरू होतात, म्हणून जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या तारखेला एक आणखी मिळवावा लागतो, हेही लक्षात ठेव. पेशवाईतल्या कागदांत शुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो: अर्बा म्हणजे 4, सबैन 70, मया 100, अलफ 1000, म्हणजे 1174, अर्थात इसवी 1773-74. शब्दांत असला की फसवत नाही, फसवतात ते आकडे.

गुरुवारी मी टिपणे स्वच्छ करते, त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही. शुक्रवारी बोरूने मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदांची लिपी, गिरवते. याला छंद म्हण किंवा तालीम म्हण. आधी आडवी रेघ ओढून तिला अक्षरे टांगायची, शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. हे हाताला कळले की डोळ्यालाही कळू लागते. 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचणाऱ्यांना मोठी मागणी आली आहे. तुलाही कोणी बोलावेल. कागदात जे असेल तेच वाच, बोलावणाऱ्याला जे हवे असेल ते नव्हे.

रविवारी सकाळी लवकर एखाद्या गावच्या देवळापाशी जाऊन मी वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड, आणि शिलालेख पाहते. ऊन तिरपे असताना झिजलेली अक्षरे उठून दिसतात. माथ्यावर आले की पुसल्यासारखी होतात. दगडावर खडू मात्र कधी फिरवू नकोस. या फेरीत माझ्या घराण्याचे आजवर काहीही सापडलेले नाही आणि मी ते शोधायला जातही नाही.

सोबत एका मोडी कागदाची प्रत पाठवत आहे. वरच्या ओळीत सन आकड्यांत आहे. तो फसली की शुहूर, हे मी मुद्दाम लिहिलेले नाही. आतल्या मजकुरावरून ठरव आणि पेन्सिलीने लिहून पाठव.

तुझी,
बाई