सप्लाय चेनमध्ये ब्लॉकचेन वापरल्याने फसवणूक थांबते का?

तुमचा प्रश्न असा आहे: ब्लॉकचेन (अनेक कंपन्यांकडे एकाच वेळी प्रती असलेली डिजिटल नोंदवही) आणली तर पुरवठा साखळीतली फसवणूक थांबते का, आणि कंपनीने त्यावर पैसे घालावेत का? गोदाम आणि मालवाहतुकीच्या सॉफ्टवेअरवर मी बरीच वर्षं काम करतोय, त्यात ब्लॉकचेनचा एक प्रकल्पही झाला. त्यावरून सांगतो. फसवणूक थांबत नाही. नोंद झाल्यानंतर ती कुणाला गुपचूप बदलता येत नाही, एवढंच होतं. हे 'एवढंच' काही ठिकाणी फार मोलाचं असतं.

नोंदींच्या प्रत्येक गठ्ठ्यात आधीच्या गठ्ठ्याचा हॅश, म्हणजे त्यातल्या मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, असतो. मागच्या एका नोंदीतला एक आकडा जरी बदलला तरी तिथून पुढचं काहीच जुळत नाही, आणि प्रती अनेक कंपन्यांकडे असल्याने ते लगेच उघडं पडतं. कंपन्यांसाठीच्या हायपरलेजर फॅब्रिकसारख्या प्रणालीत सगळे सभासद ओळखीचे असतात. बिटकॉइनसारखं मायनिंग, म्हणजे नोंदी पक्क्या करायला संगणकांनी अवघड कोडी सोडवणं, लागत नाही.

वॉलमार्ट आणि आयबीएमचा आंब्याचा प्रयोग सगळेच सांगतात. दुकानातलं कापलेल्या आंब्याचं एक पाकीट कुठल्या बागेतून आलं, हे शोधायला जुन्या पद्धतीने ६ दिवस, १८ तास आणि २६ मिनिटं लागली होती. नव्या प्रणालीत २.२ सेकंद. असा वेग का हवा, ते २०१८ साली अमेरिकेत दिसलं. रोमेन लेट्यूस या सॅलडच्या पाल्यातून ई. कोलाय या जिवाणूची लागण पसरली आणि दूषित पाला नेमका कुठला हे कळेना, म्हणून त्या नोव्हेंबरमध्ये सरकारी आरोग्य यंत्रणेला सांगावं लागलं की कुठलंच रोमेन खाऊ नका. चांगला मालही फेकला गेला. पण माझ्या मते त्या २.२ सेकंदांचं मोठं श्रेय ब्लॉकचेनचं नाही. बागायतदारापासून दुकानापर्यंत सगळ्यांनी एकाच पद्धतीने, वेळच्या वेळी नोंदी केल्या, हे खरं काम. ते झालं की साध्या डेटाबेसमधूनही उत्तर झटकन मिळतं.

आता फसवणुकीकडे येऊ. २००८ साली चीनमध्ये दुधात मेलामाइन हे प्लॅस्टिकसाठी वापरलं जाणारं रसायन मिसळल्याचं उघड झालं. दुधात पाणी घातलं की प्रथिनं कमी भरतात. नेहमीची चाचणी मात्र थेट प्रथिनं मोजत नाही, नायट्रोजन मोजून त्यावरून अंदाज काढते, आणि मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर असतो. म्हणजे पातळ दूध चाचणीत पास होत होतं. सुमारे ३ लाख बाळं बाधित झाली, सहा दगावली. तेव्हा ब्लॉकचेन असती तर? 'चाचणी पास' ही नोंद कायमची, कुणालाही न बदलता येईल अशी जपली गेली असती. ही गोष्ट मी प्रत्येक बैठकीत सांगतो, कारण विकणारे लोक नेमकी हीच सांगत नाहीत.

आमच्या प्रकल्पात दोष इतका भयंकर नव्हता, पण जात तीच. पॅलेटवरच्या (माल रचायच्या फळीवरच्या) प्रत्येक खोक्याचं लेबल स्कॅन करायचं होतं. आतल्या खोक्यांपर्यंत स्कॅनर पोचत नसे आणि गाडी तर सोडायची असे. मग माणसं समोरच्या खोक्यांवरून आतला नग मोजून हाताने आकडा भरत. त्यांचा दोष नव्हता, कामच तसं आखलेलं होतं. ब्लॉकचेनवर सगळं चोख दिसत होतं आणि पलीकडे नग कमी भरत होते. शेवटी खोक्यांवर आरएफआयडी टॅग (रेडिओ लहरींनी दुरूनच वाचता येणाऱ्या चिठ्ठ्या) लावले तेव्हा हिशेब जुळला. त्या दुरुस्तीत ब्लॉकचेनचा काहीच हात नव्हता.

दुसरी अडचण माणसांची. मर्स्क ही जहाज कंपनी आणि आयबीएमने २०१८ मध्ये ट्रेडलेन्स आणलं, जहाजवाहतुकीची कागदपत्रं सगळ्यांनी एका जागी ठेवावीत म्हणून. इतर मोठ्या जहाज कंपन्याही आल्या. तरी नोव्हेंबर २०२२ मध्ये ते बंद करत असल्याचं जाहीर झालं. हवं तेवढं उद्योगव्यापी सहकार्य मिळालं नाही, हे कारण त्यांनीच दिलं. प्रतिस्पर्ध्याने उभारलेल्या मंचावर आपला व्यवहार मांडायला कोण मनापासून तयार होईल, असं मला तेव्हाही वाटत होतं.

तुमच्याबाबतीत एक करून पाहा. गेल्या वर्षी ज्या खेपांवरून वाद झाले त्यांची कागदपत्रं काढा आणि प्रत्येकीत पाहा: नोंद नंतर बदलली होती, की मुळातच चुकीची भरली होती? नंतर बदलल्याचे वाद जास्त असतील, आणि कुणा एकाच्या सर्व्हरवर बाकीचे विश्वास ठेवायला तयार नसतील, तर ब्लॉकचेनवर जरूर खर्च करा. मुळातच चुकीच्या नोंदी जास्त निघाल्या, तर ते पैसे स्कॅनर, सील, नमुना तपासणी आणि गाडी भरणाऱ्यांना लागणारा पुरेसा वेळ यांवर घाला.