जुना फॉक्सप्रो: पाडायचा की सांभाळायचा?

प्रश्न: आमच्या पतसंस्थेचा सगळा कारभार डॉस या जुन्या प्रणालीवर चालणाऱ्या, फॉक्सप्रो 2.6 मध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमवर चालतो. 1996 साली गावातल्याच एका सरांनी तो लिहिला. सर आता थकलेत. नवीन कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम उघडतच नाही. विक्रेता म्हणतो, सगळं टाकून द्या, चार महिन्यांत नवं करून देतो. संचालक तयार आहेत, माझं मन धजावत नाही. ताई, काय करू?
– व्यवस्थापक, वाळवा तालुका

उत्तर: भाऊ, तुमचं मन धजावत नाही ते बरोबरच आहे. प्रोग्रॅम उघडत नाही म्हणजे तो बिघडला असं नाही. डॉसचे प्रोग्रॅम 64-बिट विंडोजवर चालत नाहीत, आणि विंडोज 11 फक्त 64-बिटमध्येच येतं. म्हणजे अडचण मशिनची आहे, हिशेबाची नाही. विक्रेत्याला या दोन्हींची सरमिसळ करू देऊ नका. जुनं 32-बिट विंडोज व्हर्च्युअल मशिनमध्ये, म्हणजे नव्या कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरमध्ये, बसवून घ्या, त्याला इंटरनेट अजिबात जोडू नका, आणि काम चालू ठेवा. आधी पासबुक छापून बघा, प्रिंटर हमखास अडतो.

मग लगेच सरांकडे जा. त्यांच्याकडे पीआरजी फाइली, म्हणजे त्यांनी हाताने लिहिलेला मूळ कोड, आहे का विचारा. तुमच्याकडे नुसती ईएक्सई, म्हणजे चालवता येणारी पण वाचता न येणारी फाइल, असेल तर त्या फाइली सोन्याच्या मोलाच्या. सरांना रीतसर मानधन द्या आणि शेजारी एखादी तरुण प्रोग्रॅमर बसवा.

हे का सांगते? माझी सगळी नोकरी असल्याच प्रोग्रॅमांवर झाली. बचत खात्याच्या व्याजात हमखास एक अट सापडते: व्यवहाराची तारीख दहाच्या पुढे आहे का? नव्या मुलाला ती फालतू वाटते, तो ती उडवतो. पण पूर्वी महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतची किमान शिल्लक धरूनच व्याज देत. बँकांना रिझर्व्ह बँकेने 1 एप्रिल 2010 पासून रोजच्या शिल्लकेवर व्याज द्यायला लावलं. पतसंस्थांच्या कोडात जुनी रीत पुढेही राहिलेली मी पाहिली आहे. तुमच्याकडे आज कोणती रीत चालू आहे, हे त्या कोडाइतकं नेमकं कुठल्याच कागदावर सापडणार नाही. सभासदाच्या व्याजात चार रुपयांचा फरक पडला तरी तो काउंटरवर उभा राहतो, आणि त्याने राहिलंच पाहिजे.

सगळं एकदम नव्याने लिहिणं मोठमोठ्यांनाही महागात पडलंय. नेटस्केप कंपनीने 1998 मध्ये आपला ब्राउझर नव्याने लिहायला घेतला, पाचवी आवृत्ती आलीच नाही, सहावी 2000 च्या अखेरीस आली. तोवर बाजार मायक्रोसॉफ्टकडे गेला होता.

पण म्हणून फॉक्सप्रोवर कायम बसून राहा असंही मी म्हणणार नाही. मायक्रोसॉफ्टने त्याच्या शेवटच्या आवृत्तीचाही आधार 2015 मध्ये काढून घेतला, आणि तो जाणणारी माणसं कमी होत चालली आहेत. एकेक भाग हलवा. आधी नुसते रिपोर्ट, मग पिग्मी, मग कर्ज, ठेवींचं व्याज सगळ्यात शेवटी. प्रत्येक भाग किमान एक तिमाही जुन्या-नव्या दोन्हीकडे चालवा आणि पैशापैशाने ताळा घ्या. सभासदांची नावं जिस्ट कार्डावर (डॉसमध्ये मराठी लिहायला लागणारं कार्ड) भरलेली असतील तर ती इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतप्रणालीत असतील. आजच्या युनिकोड या संकेतप्रणालीची देवनागरी इस्कीवरच बेतलेली असल्याने ती नीट उतरतात.

मार्चअखेरीला काहीही बदलू नका. आणि विक्रेत्याच्या करारात सोर्स कोड व डेटा संस्थेच्या मालकीचा, असं स्पष्ट लिहून घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.