लहान विमानातली ऑक्सिजनची बाटली स्वतः भरली तर चालते का? वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजन स्वस्त पडतो, त्यात धोका काय?

वेल्डिंगवाल्याकडचा नको. आणि भरायचं काम कुणाच्या हाताखाली शिकला नसाल तर स्वतःही नको. उत्तर खरं तर एवढंच, पण "त्यात धोका काय" हे मी हँगरमध्ये इतक्या वेळा ऐकलंय की आता सविस्तरच लिहितो.

मी विमानांच्या देखभालीत आहे, बहुतेक काम किंग एअर बी200 वर. 5,670 किलोचं, दोन टर्बोप्रॉप इंजिनांचं विमान. त्याची ऑक्सिजनची बाटली मागे, प्रेशर बल्कहेडच्या (केबिनचा दाब धरून ठेवणाऱ्या मागच्या भिंतीच्या) पलीकडे असते. आधीच्या नोकरीत एका रात्री एअर अँब्युलन्सचं उड्डाण लागलं. पेशंटचा ऑक्सिजन डॉक्टर आपला वेगळा आणतात, पण वैमानिकांच्या मास्कचा गेज खाली उतरलेला आणि बाटली भरायची आमची सिलिंडरांची ट्रॉली रिकामी. आमचे सिनिअर शॉपमधून वेल्डिंगचं काळं सिलिंडर ढकलत घेऊन आले. सोबत बाहेरून लेथवर करून घेतलेला पितळी अडॅप्टर.

मी तो अडॅप्टर टॉर्चखाली धरला. आट्यांच्या खाचांत पितळेचा बारीक कीस अडकलेला. पांढऱ्या कापडाने आटे पुसले तर कापडावर पिवळट रेघ उमटली. कटिंग ऑइल. मी म्हटलं, हे विमानाला लागणार नाही. "अरे, वेल्डर दिवसभर तेलकट हातांनी हेच करतात, कुणी मेलं का? तिकडे पेशंट खोळंबलाय!" पेशंट खोळंबलाय हे मलाही दिसत होतं. तरी सही केली नाही. शेवटी शेजारच्या ऑपरेटरची ट्रॉली मागून आणली, विमान उशिरा सुटलं, पेशंट पोचला. मला मात्र तिथे असेपर्यंत "पुस्तकी" हे नाव चिकटलं.

तर त्या "कुणी मेलं का"चं उत्तर. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल पेटायला ठिणगी लागत नाही. सिलिंडरचा व्हॉल्व्ह झटक्यात उघडला की रिकाम्या नळीतला वायू क्षणात दाबला जातो आणि तापतो. डिझेल इंजिनात स्पार्क प्लगशिवाय डिझेल पेटतं ते याच तत्त्वावर. 2,000 पीएसआयचा (दर चौरस इंचाला पौंड, दाबाचं माप) दाब असा एकदम सोडला तर कागदावरच्या हिशेबाने तापमान 900 अंश सेल्सिअसच्या वर जातं. तिथे ती पिवळी रेघ आणि तो पितळेचा कीस असला, तर आधी तेल पेटतं, मग रबरी सील आणि मग धातूसुद्धा. वेल्डिंगचे रेग्युलेटर (सिलिंडरचा दाब कमी करून देणारे) असे पेटलेले आहेत, कुणाही जुन्या वेल्डरला विचारा. म्हणून व्हॉल्व्ह अगदी सावकाश उघडायचा. माझ्या लेखी या कामातला सगळ्यात महत्त्वाचा नियम हाच.

सिनिअरांचा दुसरा मुद्दा असायचा की 2021 च्या कोरोनाच्या लाटेत कारखान्यांचाच ऑक्सिजन दवाखान्यांकडे वळवला, तो माणसांना चालला की! चालला, आणि बरं झालं वळवला. पण माणूस खाटेवर असतो, बाटली 28,000 फुटांवर असते. तिथे बाहेर उणे 40 अंश. वायूत ओलावा असेल तर तो रेग्युलेटरमध्ये गोठू शकतो, म्हणून विमानाच्या ऑक्सिजनला कोरडेपणाची कडक अट असते आणि त्याचं सर्टिफिकेट लागतं. एवढ्या उंचीवर केबिनचा दाब गेला तर वैमानिकाला भानावर राहायला अडीच-तीन मिनिटं मिळतात. तेव्हा मास्कमध्ये काही आलं नाही तर कुणाला विचारणार? शिवाय शॉपमधलं सिलिंडर याआधी कुठे फिरलं, त्यात उलटा काय वायू शिरला, हे दुकानदारालाही माहीत नसतं.

आता भरण्याबद्दल. विमान हँगरबाहेर, अर्थिंग केलेलं, वीज बंद, शेजारी इंधन भरणं चालू नको. हात धुतलेले, कपडे स्वच्छ. केसांना खोबरेल चोपडून आलेल्या हेल्परला मी फिलरजवळ, म्हणजे भरायच्या तोंडाजवळ, येऊ देत नाही. व्हॅसलीन, लिप बाम यांनाही तोच नियम. ट्रॉलीवरच्या सर्वांत कमी दाबाच्या सिलिंडरपासून सुरुवात करून चढत्या दाबाकडे जायचं. बी200 ची बाटली 21 अंशांना 1,850 पीएसआयला भरतात. दर अंश सेल्सिअसला साधारण 6 पीएसआयचा फरक पडतो, त्यामुळे मे महिन्यात रॅम्पवर 34 अंशांना गेज 1,930 च्या आसपास दिसला तर ती जास्त भरलेली नाही. लीक बघायला घरचा साबण नको, त्यात स्निग्ध पदार्थ असतात. ऑक्सिजनसाठीचंच द्रावण वापरा आणि नंतर पुसून काढा.

बाटलीच्या मानेवरची टेस्टची तारीख आधी वाचा. बाटलीवर 3एचटी हा प्रकार लिहिलेला असेल तर दर 3 वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) आणि 24 वर्षांनी भंगार. 3एए प्रकार असेल तर दर 5 वर्षांनी टेस्ट. तारीख उलटली असेल तर भरायचीच नाही. बाटली पूर्ण रिकामी झाली असेल तरी नुसती भरू नका, आत दमट हवा गेलेली असते. ती परवानाधारक शॉपमध्ये पाठवून पर्ज करून, म्हणजे आतली हवा काढून साफ करून, घ्या.

हे सगळं माझ्या विमानाचं. तुम्ही तुमचं मॉडेल लिहिलेलं नाही, त्यामुळे दाबाचे आकडे तुमच्या मॅन्युअलमधलेच धरा. तुमची बाटली पोर्टेबल असेल तर ती विमानातून काढून शॉपमध्येच भरून आणा, आणि भरल्या भरल्या गेज बघून खूश होऊ नका. भरताना वायू तापलेला असतो, बाटली निवली की काटा खाली येतो. खरा आकडा तो.