पूरक कोन नव्वदाचा की एकशे ऐंशीचा?

प्रश्न : माझे शालेय शिक्षण नागपूरला मराठी माध्यमातून झाले आणि लग्नानंतर मी इंदूरला आले. नातू येथे हिंदी माध्यमात सातवीत शिकतो. परवा त्याला 65 अंशांच्या कोनाचा पूरक कोन काढायचा होता. मी 115 सांगितले, पुस्तकाच्या मागे उत्तर 25 निघाले. मी शिकले ते चूक होते का? शिवाय संलग्न, विरुद्ध, संगत या नावांचा त्याच्या डोक्यात गुंता झाला आहे. तो कसा सोडवावा?
— एक आजी, इंदूर

उत्तर : आजी, आपले गणित बरोबर आहे आणि पुस्तकही बरोबर आहे, घोटाळा शब्दाचा आहे. ज्या दोन कोनांच्या मापांची बेरीज 90 अंश येते त्यांना मराठीत कोटिकोन म्हणतात आणि 180 अंश येते त्यांना पूरक कोन. हिंदीत मात्र 90 अंशांची जोडी ‘पूरक’ आणि 180 अंशांची ‘संपूरक’. बडोद्याच्या मराठी घरांत ही अडचण येत नाही, कारण गुजरातीतही कोटिकोण आणि पूरककोण हेच शब्द मराठीच्याच अर्थाने चालतात. आपल्याकडे घरी मराठी आणि शाळेत हिंदी असल्यामुळे मूल मधल्यामध्ये सापडते. परीक्षेत त्याने हिंदी अर्थच धरावा, पण ‘कोटि’ हा शब्द त्याला आवर्जून शिकवा. पुढे त्रिकोणमितीत त्याला ‘कोज्या’ (cosine) भेटेल, ती म्हणजे कोटिज्या, अर्थात कोटिकोनाची ज्या (sine).

कोटिकोन डोळ्यांनी पाहायचा असेल तर त्याला उज्जैनच्या वेधशाळेत न्यावे. सवाई जयसिंहांनी बांधलेल्या तेथील सम्राट यंत्राची, म्हणजे भल्यामोठ्या सूर्यघड्याळाची, तिरपी भिंत जमिनीशी उज्जैनच्या अक्षांशाइतका, म्हणजे सुमारे 23 अंशांचा कोन करते. भिंतीची उभी बाजू जमिनीला काटकोनात असल्यामुळे वरच्या टोकाशी उरतो तो त्याचा कोटिकोन, सुमारे 67 अंशांचा. याच जयसिंहांच्या आश्रयाने जगन्नाथ पंडितांनी युक्लिडची भूमिती संस्कृतात आणली.

आता नावांचा गुंता. माझ्या मते तो होतो याचे कारण दोन निराळ्या गोष्टी मुलांना एका दमात शिकवल्या जातात. कोटिकोन आणि पूरक कोन ही नावे केवळ मापांच्या बेरजेवरून पडली आहेत. एक कोन या पानावर आणि दुसरा त्या पानावर असला तरी बिघडत नाही. संलग्न, विरुद्ध आणि संगत ही नावे मात्र कोन कोठे बसले आहेत यावरून पडली आहेत. संलग्न कोनांचा शिरोबिंदू आणि एक भुजा सामाईक असते, त्यांची बेरीज कितीही येऊ शकते. त्यांच्या उरलेल्या दोन भुजा एका सरळ रेषेत आल्या तरच ती रेषीय जोडी होते, आणि तेव्हा बेरीज 180 येतेच.

विरुद्ध कोनांसाठी शिवणाची कात्री घ्या. पाती जितकी उघडतील तितक्याच मुठीही फाकतात. (कात्रीची पाती सरळ नसतात, म्हणून वहीत दोन छेदणाऱ्या रेषाही काढाव्यात.) पण असे दिसते म्हणून मानायचे नाही, कारण विचारायचे. एक कोन 40 अंशांचा असेल तर त्याच्या डाव्या शेजाऱ्याशी त्याची रेषीय जोडी होते, म्हणून तो शेजारी 140 अंशांचा. समोरच्या कोनाचीही त्याच शेजाऱ्याशी रेषीय जोडी होते, म्हणून समोरचाही 40. युक्लिडने आपल्या भूमितीच्या पहिल्या खंडाच्या 15 व्या सिद्धांतात हीच वाट धरली आहे. 40 पुसून तेथे नातवाला हवी ती संख्या घालू द्या, ही चाल मोडत नाही हे त्याचे त्यालाच कळेल.

संगत कोनांत मुले एक अट हमखास विसरतात. रेघी वहीच्या दोन ओळींवरून एक तिरपी छेदिका, म्हणजे दोन्हींना छेदणारी रेषा, काढावी आणि दोन्ही ठिकाणी ओळीच्या वरचा, छेदिकेच्या उजवीकडचा कोन मोजावा. मापे सारखी येतील. मग कोऱ्या कागदावर पुढे जाऊन मिळतील अशा दोन रेषा काढून तेच करावे. त्या कोनांना संगतच म्हणायचे, पण मापे जुळणार नाहीत, कारण रेषा समांतर नाहीत.