पोर्ट रुंद करू नका, व्हॉल्व्हखाली बघा

भाऊ, तुमचा बेत कळला. १५० सीसीच्या जुन्या कार्बोरेटरवाल्या गाडीचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवलंय, डाय ग्राइंडर आणलाय, आता इनटेक पोर्ट, म्हणजे हवा-पेट्रोल आत नेणारी वाट, २६चं २८ मिमी करून आतून आरशासारखं चमकवायचं. दोन्ही करू नका.

२६चं २८ केलं की क्षेत्रफळ सोळा टक्के वाढतं. इंजिन तेवढीच हवा ओढत असेल तर पोर्टमधला वेग चौदा टक्के पडतो आणि खालच्या आरपीएमला सिलिंडर नीट भरत नाही. रात्री नागपूरच्या मोकळ्या वर्धा रोडवर मजा वाटेल, सीताबर्डीच्या गर्दीत मात्र दुसऱ्या गिअरला गाडी कुंथेल. चमक फोटोत बरी दिसते. इनटेकला ८० नंबरच्या एमरीचा खरखरीतपणा राहू द्या, पेट्रोल भिंतीला चिकटून वाहत नाही. पॉलिश करायची हौस एक्झॉस्टवर भागवा, तिथे कार्बन कमी धरतो.

खरी अडवणूक व्हॉल्व्हपाशी आहे. २८ मिमीचा व्हॉल्व्ह ७ मिमी उचलला जातो तेव्हा कुठे त्याच्या कडेभोवतीची फट व्हॉल्व्हच्या क्षेत्रफळाएवढी होते. तोवर हवा सीट (व्हॉल्व्ह बंद होताना जिच्यावर टेकतो ती रिंग) आणि बाउल (तिच्या खालची पोकळी) इथेच अडते. म्हणून काम सीटच्या खालच्या सेंटिमीटरभर जागेत. तिथे बोट फिरवा: सीटची रिंग संपते आणि ॲल्युमिनियम सुरू होतं त्या जोडावर बहुतेक हेडमध्ये एक कड असते, नखाला अडकते. ती घालवून जोड सलग करा. घसा, म्हणजे सीटखालची अरुंद जागा, व्हॉल्व्हच्या व्यासाच्या ८५ ते ८८ टक्के, म्हणजे २४ ते साडेचोवीस मिमी, पुढे जाऊ नका. गाइड (व्हॉल्व्हची दांडी जिच्यातून सरकते ती नळी) भोवतीचा उंचवटा बाजूंनी निमुळता करा, गाइड आखूड करू नका.

पोर्टचा तळ जिथे वळून सीटकडे उतरतो, त्या वळणाला ग्राइंडर लावूच नका. तळ खोदला की वळण टोकदार होतं, आणि भरधाव ट्रक वळणावर रस्ता सोडतो तशी हवा भिंत सोडते. बोटाला एमरी गुंडाळून तेवढा भाग गुळगुळीत करा, बस. काढायचंच असेल तर छताकडून थोडं, तेही स्टडच्या भोकाजवळ भिंत किती जाड आहे ते बघून.

साध्या बर्रच्या (ग्राइंडरच्या कापणाऱ्या टोकाच्या) दातांत ॲल्युमिनियम भरून बसतं. इतवारीत हार्डवेअरवाल्याकडे रुंद दातांचा, ॲल्युमिनियमसाठीचा बर्र मागा आणि मधूनमधून त्याला मेणबत्ती घासा. पोर्टकडून काम करताना सीटवर जुना व्हॉल्व्ह बसवून ठेवा, बर्र एकदा घसरला की सीट गेली. चष्मा, मास्क हवाच. शेवटी साबणाच्या गरम पाण्याने हेड धुऊन तेलाच्या वाटा हवेने फुंका.

सीट कापायचं काम घरी नको. चांगल्या मशीनवाल्याकडून ३०-४५-६० अशा तीन कोनांत कापून घ्या. माझ्या मते निम्मा फायदा याच कामात आहे. घरी आणल्यावर व्हॉल्व्ह-स्प्रिंग बसवून पोर्टमध्ये रॉकेल भरा आणि चेंबरकडून, म्हणजे पेट्रोल जळतं त्या बाजूने, पाझर बघा.

जेटिंग, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या जेटचा नंबर, मे महिन्यात पक्कं करू नका. ४५ अंशांच्या दुपारची हवा डिसेंबरातल्या १२ अंशांच्या पहाटेपेक्षा साधारण दहा टक्के विरळ असते. मेमध्ये बरोबर बसलेला जेट थंडीत लीन पडतो, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. दिवाळीनंतर प्लग काढून बघा, पांढराफटक असेल तर मेन जेट एक नंबर वाढवा.