इंजिन न उघडता तेलातला धातू कसा सापडतो?

तुम्ही लिहिलंय की विमान निघायच्या आधी कॅप्टनने 'इंजिनच्या ऑईलमध्ये धातूचे कण असल्याची सूचना आली आहे' असं सांगितलं, आणि पाऊण तास बसून राहावं लागलं. इंजिन उघडलं नाही तरी कळलं कसं, आणि वेळ कशात गेला, हे तुमचे दोन प्रश्न. मी बरीच वर्षं विमानांच्या मेंटेनन्समध्ये आहे आणि हे काम माझ्या हातून नेहमी होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जेट इंजिनातलं तेल सतत फिरत असतं. टाकीतून ते बेअरिंगांवर आणि गिअरबॉक्समध्ये फवारलं जातं, तिथून स्कॅव्हेंज पंप ओढून ते टाकीकडे परत आणतो. बेअरिंग झिजायला लागलं की त्याचा कीस या परतीच्या तेलात उतरतो, म्हणून त्याच वाटेवर बोटाएवढे चुंबकी प्लग बसवलेले असतात. त्यांना आम्ही चिप डिटेक्टर म्हणतो. बऱ्याच इंजिनांत पुढची बेअरिंग, मागची बेअरिंग आणि गिअरबॉक्स यांच्यासाठी वेगवेगळे प्लग असतात. कोणत्या प्लगवर कीस आला त्यावरून दुखणं कुठे आहे हेही कळतं.

सूचना देणाऱ्या डिटेक्टरला दोन टोकं असतात आणि मध्ये बारीक फट. कण त्या फटीत आडवा बसला की सर्किट पूर्ण होतं. नुसत्या भुकटीनेही फट भरू शकते, म्हणून काही हेलिकॉप्टरांत विजेचा झटका देऊन ती जाळायची सोय असते. कण जाडा असेल तर तो जळत नाही आणि इशारा तसाच राहतो.

चुंबकाला चांदी, ब्राँझ, अ‍ॅल्युमिनियम चिकटत नाही, आणि बेअरिंगच्या पिंजऱ्यावर (आतल्या गोळ्या किंवा रोलर जागेवर धरणाऱ्या चौकटीवर) पुष्कळदा चांदीचाच मुलामा असतो. त्यासाठी फिल्टर उघडून बघावा लागतो. एफ-२२ लढाऊ विमानाच्या एफ११९ इंजिनात तेलाच्या नळीभोवती कॉइल बसवलेल्या असतात. लोखंडी कण आतून गेला तर सिग्नल एका दिशेने हलतो, बिनलोखंडी गेला तर उलट दिशेने, त्यामुळे दोन्ही मोजता येतात.

पण यंत्र सांगतं ते एवढंच, की काहीतरी आलंय. काय आलंय ते माणसाने बघायचं असतं. प्लग दाबून फिरवला की हातात येतो, आतली झडप आपोआप मिटते आणि तेल सांडत नाही. टोकावर काळपट, लोण्यासारखा मऊ लेप असेल आणि तो बोटांत चोळल्यावर खरखरत नसेल, तर ती सहसा रोजची झीज. नवा असताना मी सवयीने कापड घेऊन प्लग पुसायला निघालो होतो. सीनियरने माझं मनगटच धरलं. "अरे, आधी बघ. मग पूस." बॅटरीच्या उजेडात त्या लेपात एक कण चमकत होता: पातळ पापुद्रा, एका बाजूने आरशासारखा, दुसऱ्या बाजूने खडबडीत. असा पापुद्रा म्हणजे बेअरिंगच्या पृष्ठभागाचा पोपडा निघाल्याची खूण. तो चिकटपट्टीने कार्डावर लावून प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे धातूचं मिश्रण कळतं आणि त्यावरून नेमका भाग शोधता येतो.

कण ओळखण्याबद्दल मी एवढ्या कळकळीने का लिहितोय ते सांगतो. २५ मार्च २००९ रोजी उत्तर समुद्रावर उडणाऱ्या एका सुपर प्युमा हेलिकॉप्टरच्या मुख्य गिअरबॉक्समधल्या डिटेक्टरवर एक कण सापडला. डिटेक्टरने आपलं काम केलं होतं. पण गिअरबॉक्समधला एक प्लॅनेट गिअर (मधल्या चाकाभोवती फिरणारं दातेरी चाक) खराब होत चालल्याची ती खूण आहे, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. उड्डाणाचे आणखी ३६ तास झाले आणि १ एप्रिलला तो गिअर फुटला. हेलिकॉप्टरमधले सगळे १६ जण गेले. ब्रिटनच्या अपघात तपास शाखेच्या अहवालातली आणखी एक गोष्ट मला विसरता येत नाही: त्या गिअरबॉक्सच्या आत चुंबकांची एक कडी होती, आणि तिच्यामुळे सुटलेले कण डिटेक्टरला सापडण्याची शक्यता कमी झाली होती.

आता तुमचा पाऊण तास. ५ मे १९८३ रोजी ईस्टर्न एअरलाइन्सचं तीन इंजिनांचं एल-१०११ विमान मायामीहून नासाऊला निघालं. आधीच्या तपासणीत तिन्ही इंजिनांचे चिप डिटेक्टर ओ-रिंगशिवाय, म्हणजे तेलाची गळती रोखणाऱ्या रबरी कडीशिवाय, बसवले गेले होते. तेल गळून गेलं. एक इंजिन वैमानिकांनी खबरदारी म्हणून बंद केलं, मायामीला परतताना उरलेली दोन्ही समुद्रावरच बंद पडली. आधी बंद केलेलं इंजिन पुन्हा चालू झालं म्हणून १७२ जण सुखरूप उतरले. त्यामुळे आम्ही प्लग बसवताना ओ-रिंग नवी घालतो, दुसऱ्याकडून तपासून घेतो, आणि मग इंजिन फिरवून प्लगखाली कोरडं आहे ना ते बॅटरी मारून बघतो. तुमचा बराचसा वेळ यातच गेला असणार.