टसरचा पतंग की टसरचं फुलपाखरू?

प्रश्न असा आला आहे: ऐनाच्या झाडावर दिसलेल्या, चारही पंखांवर गोल डोळा असलेल्या मोठ्या कीटकाला कोणी ‘टसरचं फुलपाखरू’ म्हणतं, कोणी ‘टसर पतंग’. बरोबर काय? आणि टसर म्हणजे काय?

फुलपाखरू नकोच. फुलाशी याचं काही देणंघेणं नाही. कोशातून बाहेर पडल्यावर हा खातच नाही, सोंड खुंटलेली असते. अळीपणी खाल्लेल्या ऐन-अर्जुनाच्या पाल्यावर आठवडाभर काढतो, तेवढ्यात अंडी घालून होतात, की संपला. पतंगच म्हणावं. कागदाचा आठवतो ही अडचण खरी, पण शब्द जुना आहे. संस्कृतात पतंग म्हणजे उडणारा, म्हणून पक्षी आणि चक्क सूर्यसुद्धा. (लाल रंग देणारं पतंगाचं लाकूड वेगळं, ते इथे आणू नका.) शेतात बोंडअळीच्या पतंगाला सरळ ‘पाखरू’ म्हणतात, तेही मला चालेल.

दिसतो मात्र देखणा. पंख पसरले की सहज १५ सेंटिमीटर. मादी बहुधा पिवळसर किंवा राखी, नर विटकरी. पंखावरच्या डोळ्याच्या मध्यात खवलेच नसतात, काचेसारखी चकती असते. तिच्यातून मागचं पान दिसतं. झारखंड, छत्तीसगड, ओडिशापासून पूर्व विदर्भापर्यंतची जंगलं हे याचं मुख्य घर. सह्याद्रीतही आहे, श्रीलंकेतही.

आता ‘टसर’, म्हणजे याच्या कोशाच्या धाग्याचं रेशीम. संस्कृत तसर किंवा त्रसर म्हणजे विणकराचा धोटा, आडवा धागा इकडून तिकडे नेणारा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यज्ञ विणण्याचं सूक्त आहे, त्यात सामगानांचे ‘तसर’ केले असं म्हटलंय. म्हणजे मागावरच्या अवजाराचं नाव कापडाला चिकटलं आणि कापडावरून किड्याला. कोशाचा लांबट आकार धोट्यासारखा, म्हणून नाव पडलं असंही सुचतं, पण तो माझा तर्क समजा.

गडचिरोली-भंडाऱ्याकडे मात्र टसर म्हणाल तर दुकानदाराशीच बोलताय. तिथला शब्द ‘कोसा’. कोश, कौशेय (रेशमी वस्त्र) यांच्याच घरातला. हा कोश टणक, देठाने फांदीला लोंबणारा. देठाच्या टोकाची कडी फांदीभोवती घट्ट बसलेली. पतंग तो भोक पाडून बाहेर आला की सलग धागा निघत नाही, म्हणून बियाण्यापुरतेच कोश फुटू देतात, बाकीचे आधीच उकडतात. धाग्याच्या धंद्यात नाव कोशालाच मिळालं, पतंगाला नाही, याचं मला तरी नवल वाटत नाही.